मोटरसायकलच्या इंडिकेटरमध्ये एल.ई.डी. रनिंग लाइट : लावण्यापूर्वी थोडे समजून घेऊ



कोजागरीच्या कार्यक्रमाला मंडळाच्या आवारात गाडी लावत होतो, तेव्हा तिघा-चौघांनी एकच गोष्ट विचारली, "साहेब, तुमचे दोन्ही इंडिकेटर चालूच राहिलेत की." ते चुकून चालू राहिले नव्हते, मुद्दाम तसे लावून घेतलेले आहेत. मग दूध होईपर्यंत तोच विषय चालला. दोघांनी तर "उद्याच लावून घेतो" असे सांगितले. त्यांना म्हटले, उद्या नको, आधी मी काय काय चुकलो ते ऐका. सेक्रेटरी म्हणाले, "मग लिहूनच द्या." त्याप्रमाणे हा लेख.

मी बँकेत आयुष्य काढलेला कॉमर्सचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण स्वतःच्या गाडीवर हे काम दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा नीट झाले. त्यातून जे समजले ते सांगतो.

सुरुवात कशी झाली

आमची थोडी शेती खानापूर रोडला, मच्छेच्या पुढे आहे. निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन-चार वेळा तिकडे फेरी असते, तीही माझ्या २००९ सालच्या शंभर सीसीच्या मोटरसायकलवरून. दोन वर्षांपूर्वी जुलैत संध्याकाळी साडेसहाला परत येत होतो. आपल्याकडची ती बारीक झड लागली होती. डावीकडच्या आडरस्त्यावरून एक कार सरळ माझ्यासमोर आली. ब्रेक दाबला, गाडी घसरली, मी पडलो. गुडघा सुजला आणि मनगटाला प्लास्टर बसले, एवढ्यावर निभावले. कारवाला भला मुलगा होता. मला उचलताना पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "काका, दिसलाच नाही ओ तुम्ही."

मला राग आला होता, पण घरी पडून विचार केल्यावर पटले की तो खोटे बोलत नव्हता. राखाडी आभाळ, राखाडी रस्ता, माझा राखाडी रेनकोट आणि बंद हेडलाइट. अजून उजेड आहे, कशाला लावायचा, ही जुनी सवय. १ एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागतो, तो बंद करायचे बटणच नसते. माझी गाडी त्याआधीची. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, "बाबा, गाडी विकून टाका." शेतावर जायचे दुसरे साधन नाही, आणि खरे सांगायचे तर गाडी सोडायची मनाची तयारीही नव्हती. म्हणून ठरवले की आपण दिसलो पाहिजे.

रनिंग लाइट कशासाठी

रनिंग लाइट म्हणजे गाडी चालू असेपर्यंत सतत लागून राहणारा मंद दिवा. त्याने आपल्याला रस्ता दिसत नाही, आपण दुसऱ्याला दिसतो. हेडलाइट दिवसाही लावून ठेवावा, हा पहिला आणि फुकटचा उपाय. ज्यांची गाडी २०१७ पूर्वीची आहे त्यांनी निदान एवढे आजपासून करावे.

पण मोटरसायकलला हेडलाइट एकच असतो. समोरून येणारा एकटा दिवा किती लांब आहे आणि किती वेगाने येतो आहे याचा अंदाज डोळ्याला पटकन येत नाही. दोन दिवे एकमेकांपासून अंतरावर असले, तर गाडी जवळ येईल तसे ते अंतर रुंदावताना दिसते आणि समोरच्याला वेग कळतो. मध्ये हेडलाइट आणि दोन्ही बाजूंना नारंगी ठिपके असा त्रिकोण दिसला की ही मोटरसायकल आहे हेही लगेच ओळखू येते. हे दोन दिवे बसवायला तयार जागा म्हणजे पुढचे दोन इंडिकेटर. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटरसायकलींत पुढच्या इंडिकेटरमध्ये असा दिवा कंपनीकडूनच येतो. तिथे एका बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक मंद आणि सतत जळणारे, दुसरे प्रखर आणि लुकलुकणारे. आपल्याकडच्या साध्या गाड्यांच्या इंडिकेटरमध्ये एकच फिलामेंट असलेला, बहुधा १० वॉटचा बल्ब असतो.

पहिली चूक : दिवा लागला, पण इंडिकेटर हरवला

मनगट बरे झाल्यावर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने इंडिकेटरची काच उघडून आत कडेने नारंगी एल.ई.डी.ची छोटी पट्टी चिकटवली आणि अर्ध्या तासात वायर जोडून दिली. बल्ब होता तसाच ठेवला. गाडी झकास दिसू लागली. मी खूश.

आठवड्याने एका सर्कलला उजवीकडे वळत होतो. इंडिकेटर दिला होता, तरी समोरचा रिक्षावाला थांबला नाही. अगदी जवळून निघून गेला आणि वर ओरडला, "हात तरी दाखवा की!" घरी आलो आणि सौ.ला गेटपाशी उभे केले. तीस पावलांवर गाडी उभी करून उजवा इंडिकेटर दिला आणि विचारले, "कुठल्या बाजूला वळतोय मी?" ती म्हणाली, "दोन्हीकडे दिवे दिसतात. वळताय कुठं?"

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच. इंडिकेटर कळतो तो त्याच्या प्रखरतेमुळे नाही, फरकामुळे. आधी अंधार, मग उजेड, पुन्हा अंधार. तिथे आधीच त्याच रंगाचा दिवा लागलेला असेल, तर लुकलुक त्यात बुडून जाते, आणि दिवसाच्या उजेडात जास्तच. रनिंग लाइट सांगतो, "मी इथे आहे." इंडिकेटर सांगतो, "मी इकडे वळतो आहे." पहिल्याने दुसऱ्याचे तोंड बंद केले तर आपण दिवे लावून धोका विकत घेतला.

याच कारणाने आणखी एक सांगतो. चोर्ला घाटात धुके किंवा जोराचा पाऊस असला की काही जण चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवतात. ते दिसतात हे खरे, पण मग वळताना सांगायला त्यांच्याकडे काही उरत नाही. चारही दिवे उभ्या, अडलेल्या गाडीसाठी आहेत, चालत्या गाडीसाठी नव्हेत.

दुसरी चूक : नुसता रिले

पुन्हा इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तो म्हणाला, "रिले टाकूया की ओ, इंडिकेटर दिला की पट्टी बंद." छोटा रिले बसवला. आता झाले असे की बल्ब लागला की पट्टी बंद आणि बल्ब विझला की पट्टी चालू. कारण रिलेला इंडिकेटरच्याच वायरवरून करंट मिळत होता, आणि तो करंट तर प्रत्येक लुकलुकीला येतो आणि जातो. म्हणजे विझलेला क्षण पुन्हा उजेडाने भरून निघाला. पहिल्यापेक्षा बरे, पण सौ.चा शेरा : "काहीतरी हलतंय एवढं कळतं."

तिसऱ्यांदा एक छोटे कंट्रोल मोड्यूल लावले. बाजारात काडेपेटीपेक्षा लहान आकारात मिळते. इंडिकेटरची पहिली लुकलुक येताच ते त्या बाजूची पट्टी विझवते आणि शेवटच्या लुकलुकीनंतर एखाद सेकंद थांबून मगच पुन्हा लावते. त्यामुळे वळताना त्या बाजूला फक्त स्वच्छ लुकलुक आणि दुसऱ्या बाजूला मंद स्थिर दिवा. आता तीस काय, साठ पावलांवरूनही बाजू कळते. दुकानात मागताना "इंडिकेटर दिल्यावर रनिंग लाइट पूर्ण बंद राहतो का, की आलटून पालटून लागतो?" हे विचारा आणि बॅटरीला जोडून दाखवायला लावा.

करंट कुठून घ्यायचा

इंडिकेटरची मूळ वायरिंग सोपी असते. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, फ्लॅशर, हँडलवरचा बटणाचा स्विच, तिथून डावी किंवा उजवी वायर, बल्ब आणि शेवटी अर्थिंग. लुकलुक करतो तो फ्लॅशर. नियमाप्रमाणे ती मिनिटाला ६० ते १२० या दरम्यान असायला हवी.

रनिंग लाइटला वेगळी वायर लागते. ती घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, थेट बॅटरीवरून घेऊ नका, चावी फिरवल्यावर जिच्यात करंट येतो अशा वायरवरून घ्या. हिशेब करून दाखवतो. माझ्या किकच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरची. दोन पट्ट्या मिळून ३ वॉट, म्हणजे पाव अँपिअर. चावी काढल्यावरही दिवे चालू राहिले तर कागदावर दहा तासांत खाते रिकामे, प्रत्यक्षात त्याआधीच. एल.ई.डी.ऐवजी ५ वॉटचे दोन साधे बल्ब सतत लावले असते तर तीन तासच. बॅटरी लहान असेल तर एल.ई.डी. का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

दुसरी, जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या वायरवरून घेऊ नका. माझ्यासारख्या अनेक जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, इंजिनच्या मॅग्नेटोवर थेट चालतो. म्हणून तर सिग्नलला गाडी थांबली की तो मंदावतो आणि रेस केली की उजळतो. तो करंट एल.ई.डी.ला मानवत नाही, दिवा फडफडतो आणि लवकर जातो. हॉर्न किंवा ब्रेकलाइटकडे जाणारी, चावीनंतरची बॅटरीची वायर मल्टिमीटरने तपासून घ्यावी.

तिसरी, नव्या वायरवर १ किंवा २ अँपिअरचा वेगळा फ्यूज हवा. पावसात कुठे शॉर्ट झाले तर फक्त हा छोटा फ्यूज जातो, हॉर्न आणि ब्रेकलाइट चालू राहतात. जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत. टेप दोन पावसाळ्यांत सुटते. सोल्डर करून त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह घालायला सांगा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून वायर ताणली जात नाही ना, हेही तिथेच पाहा.

अर्थिंगचे वेगळे सांगतो. काही इंडिकेटरच्या दांड्या धातूच्या असतात आणि अर्थिंग त्या दांडीतूनच मिळते. आपल्या पावसात तिथे गंज चढतो आणि दिवा मंद होतो किंवा भलतेच दिवे लागतात. पट्टीची अर्थिंग वेगळ्या वायरने घेतलेली बरी.

पूर्ण एल.ई.डी. इंडिकेटर बसवायचे असतील तर

मी मूळ बल्ब ठेवला, म्हणून पुढची अडचण मला आली नाही. पण तरुण मंडळी सगळा इंडिकेटरच बदलतात, त्यांच्यासाठी हे लिहितो.

एका बाजूचे दोन १० वॉटचे बल्ब मिळून सुमारे पावणेदोन अँपिअर करंट घेतात. बरेच फ्लॅशर हा भार धरूनच बनवलेले असतात. एक बल्ब गेला की लुकलुक एकदम जलद होते, ती आपल्याला मिळालेली सूचनाच असते. एल.ई.डी. अगदी थोडा करंट घेतो, त्यामुळे फ्लॅशरला वाटते बल्ब गेला. मग तो फार जलद लुकलुकतो, नाहीतर लुकलुकतच नाही. यावर काही जण समांतर रेझिस्टर लावतात. तो चांगलाच तापतो, प्लास्टिकजवळ लावला तर ते वितळते, आणि वाचवलेली वीज उष्णता होऊन जाते. त्यापेक्षा एल.ई.डी.साठीचा फ्लॅशर बदलून घेणे योग्य.

दुसरी गंमत मीटरवरच्या छोट्या दिव्याची. ज्या गाडीत डाव्या-उजव्या दोन्हींना मिळून एकच सूचक दिवा असतो, तिथे बहुधा तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. त्याला अर्थिंग मिळते ते दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून. साध्या बल्बला एवढ्याशा करंटने काही होत नाही, पण एल.ई.डी. तेवढ्यावरही लागतो. परिणामी डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात. अशा वेळी पुष्कळजण नवे इंडिकेटर खराब म्हणून परत करतात. दोष त्यांचा नसतो. दोन्ही वायरींवर एकेक डायोड लावून सूचक दिव्याला स्वतंत्र अर्थिंग दिली की प्रश्न सुटतो. माहितगार इलेक्ट्रिशियनला एवढे सांगितले तरी कळते.

तीन वायरी असलेल्या इंडिकेटरमध्ये एक अर्थिंगची, एक रनिंग लाइटची आणि एक लुकलुकीची असते. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. रंगावर विश्वास न ठेवता एकेक जोडून पाहावे.

मागे लावू नका, आणि कायद्याचे

मागच्या इंडिकेटरमध्येही असा सतत दिवा लावून देतो असे इलेक्ट्रिशियन म्हणेल. नको म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीच्या पुढे लाल दिवा चालत नाही आणि मागे सतत दिसणारा दिवा लालच हवा. नंबरप्लेटचा दिवा, लुकलुकणारे इंडिकेटर असे ठरावीक अपवाद आहेत. नियम बाजूला ठेवला तरी, मागून येणाऱ्याला ब्रेकलाइट आणि इंडिकेटर स्वच्छ दिसले पाहिजेत. मागे दिसण्यासाठी टेललाइटची काच पुसून ठेवावी, लाल रिफ्लेक्टर फुटला असेल तर बदलावा आणि लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावावी. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यावर दिवा नसलेल्या ट्रॉल्या पाहून आपण किती बोलतो. आपल्या गाडीची मागची बाजूही एकदा त्याच नजरेने पाहावी.

पुढेही नारंगी काच काढून पांढरी-निळी बसवणे, डोळ्यांवर येणारे प्रखर दिवे हँडलला लावणे, हे करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत बदल करण्यावर मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आर.टी.ओ.त इन्स्पेक्टरना विचारून घ्यावे, मगच खर्च करावा. मी गाडीचा मूळ इंडिकेटर, काच, बल्ब, फ्लॅशर यांतले काहीही बदललेले नाही, आणि पट्टी व मोड्यूल दहा मिनिटांत काढता येतात. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावू नये, वॉरंटीवर पाणी सोडावे लागेल. नव्या गाडीला आपोआप लागणारा हेडलाइट आहेच.

पैसे देण्याआधी करायची तपासणी

इलेक्ट्रिशियनच्या दारातच, शक्यतो दुपारच्या उन्हात, एवढे पाहून घ्या.

१. कुणाला तरी तीस पावलांवर उभे करा. इंडिकेटर दिल्यावर वळण्याची बाजू न सांगता कळली पाहिजे.
२. इंडिकेटर चालू असताना त्या बाजूचा रनिंग लाइट पूर्ण बंद राहिला पाहिजे.
३. मिनिटभर लुकलुक मोजा. ६० ते १२० च्या बाहेर गेली तर काम परत करायला सांगा.
४. ब्रेक दाबा, हॉर्न वाजवा, दुसऱ्या बाजूचा इंडिकेटर द्या. भलता दिवा लागता कामा नये.
५. चावी काढल्यावर सगळे विझले पाहिजे.
६. बादलीभर पाणी इंडिकेटरवर ओता आणि वरचे सगळे पुन्हा पाहा.

सहावी तपासणी ऐकून माझा इलेक्ट्रिशियन हसला होता. पण पाणी ओतल्यावर डावी पट्टी विझली आणि त्याने निमूटपणे काच पुन्हा उघडून रबर नीट बसवले. जून ते सप्टेंबर पाऊस बघणाऱ्या गावात ही तपासणी सोडू नये.

तीन फेऱ्या धरून माझा सगळा खर्च हजाराच्या आत झाला. पहिल्यांदाच नीट केले असते तर याहून कमी झाला असता.

दिवे लावून दीड वर्ष झाले. आता आडरस्त्यावरची गाडी मला पाहून थांबते, असे बऱ्याचदा जाणवते. तरीही त्या मच्छेच्या फाट्याला मी वेग कमी करतो आणि समोरच्याने आपल्याला पाहिलेच आहे असे गृहीत धरत नाही. मुलगा दिवाळीला आला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, मला इंडिकेटर द्यायला लावला आणि स्वतः गेटपाशी जाऊन उभा राहिला. "उजवीकडे," तिथूनच म्हणाला. गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

कुणाला लावून घ्यायचे असल्यास पुढच्या मासिक सभेला माझी गाडी आवारात असेलच. आधी तीस पावलांवरून पाहा, मग ठरवा.